भाऊबीजेला न आलेला ड्यूकवाला

ताई,

मी मूळचा सांगलीचा. 1999 साली एमएस करायला चॅपल हिलला, कॅरोलायना विद्यापीठात आलो तो नॉर्थ कॅरोलायनातच राहिलो. आता केरीत घर आहे. मेहुणा शेजारच्या ड्यूक विद्यापीठात शिकला. गेली तेरा वर्षं ड्यूक-कॅरोलायना बास्केटबॉल सामना आमच्याच दिवाणखान्यात बघायचा आणि मधल्या वेळात बायकोच्या हातची मिसळ खायची, असा शिरस्ता होता. यंदा, 14 मार्च 2025 ला, शार्लटमध्ये, एसीसी या आमच्या लीगच्या उपान्त्य सामन्यात, आम्ही 24 गुणांची पिछाडी भरून काढत आणली. शेवटच्या सेकंदांत बरोबरीचा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेक) जाळीत गेला आणि पंचांनी तो रद्द केला. 74-71 असे हरलो. मी मेहुण्याला म्हणालो, "तुमची पंचांशी सेटिंग आहे." तो न जेवता उठून गेला. एप्रिलमध्ये ड्यूक ह्यूस्टनकडून हरलं, तेव्हा घरच्या ग्रुपवर मी "आता बसा बोंबलत" असं टाकलं. परवा भाऊबीजेला तो आला नाही. बायको काही बोलत नाही.

पंचांनी आमच्यावर केलेल्या अन्यायांची 2015 पासूनची वही माझ्याकडे आहे. त्यातल्या एका पंचाच्या कामाच्या ठिकाणचा इमेल मला सापडला आहे. त्याला सविस्तर लिहू का? मेहुण्याला पुरावे कसे पटवून देऊ? गेल्या वर्षी उंच माणूस नसताना संघ उतरवला, यावर मी बोलायला लागलो की सोळा वर्षांचा मुलगा उठून जातो. म्हणतो, "बाबा, तू मॅच बघतच नाहीस." मी खरंच चुकतोय का?

— एक टार हील (म्हणजे कॅरोलायनावाला), केरी

प्रिय टार हील,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा बास्केटबॉलसाठी, कारण पुण्यात दहा वर्षं मी कॉलेजच्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभी राहिले आहे आणि तुमच्या त्या दोन संघांचे सामने पहाटे उठून बघते. दुसऱ्यांदा तुमच्या बायकोसाठी. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी अडकले. त्या ओळीकडे मी येणारच आहे, पण आधी तो फ्री थ्रो मिटवू. तो मिटल्याशिवाय तुम्ही पुढचं काही ऐकणार नाही.

फ्री थ्रोच्या वेळी कडेला ओळीने उभे राहिलेल्या खेळाडूंनी, नेमबाजाच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. नेमबाजाच्याच संघातल्या कुणी ते टाकलं, तर चेंडू जाळीतून गेला तरी गुण मिळत नाही. शार्लटचा तो तुकडा मी थांबवून थांबवून पाहिला. पाऊल आधी पडलं. अगदी थोडं आधी, पण आधीच. निर्णय बरोबर होता.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: अशी पावलं चाळीस मिनिटांत कितीदा पडतात आणि शिट्टी कितीदा वाजते? फार कमी वेळा वाजते, हे मी पंच म्हणून कबूल करते. तुमच्या रागाला एवढी जागा नक्की आहे. पण ती जागा "शिट्टी नेहमी वाजवा" असं म्हणायची आहे. "सेटिंग" या शब्दाला तिथे काहीच आधार नाही. दूरवर उभा असलेला पंच एका बुटाकडे बघत होता आणि तो बूट हलला, एवढंच घडलं.

तुमच्या पत्रात मला एक चांगली गोष्ट दिसली. ज्या मुलाचं पाऊल पडलं त्याचं नाव तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. वहीत पंचांची नावं आहेत, त्याचं असेल असं मला वाटत नाही. पंचावर राग काढला की आपल्या मुलांवर काढावा लागत नाही. तुम्ही त्या पोराला सांभाळून घेतलंत. मीही त्याचं नाव लिहीत नाही. मात्र त्याला वाचवताना तुम्ही सगळा भार नेऊन मेहुण्याच्या डोक्यावर ठेवलात, आणि त्या संध्याकाळी तो तर सोफ्यावर बसून फक्त मॅच बघत होता.

आता "पंच ड्यूकच्या बाजूचे" या मताबद्दल. 21 जानेवारी 1984 ला ड्यूकच्या कॅमेरन इनडोअरमध्ये तुमचा संघ 78-73 असा जिंकला. मायकल जॉर्डन तेव्हा तुमच्याकडे होता. त्या सामन्यात तुमचे प्रशिक्षक डीन स्मिथ बदली खेळाडू आत पाठवायच्या घाईत गुणलेखकाच्या टेबलापाशी गेले, त्यांनी हात आपटला आणि फलकावर कॅरोलायनाच्या खात्यात एकदम 20 गुण चढले. ते गुण अर्थात काढून टाकले गेले, पण स्मिथना बेशिस्तीचा टेक्निकल फाउल मिळाला नाही. सामन्यानंतर ड्यूकचे तरुण प्रशिक्षक माइक शेशेफ्स्कींनी पत्रकारांपुढे संतापून सांगितलं, की या लीगमध्ये दोन वेगळे न्याय आहेत, एक कॅरोलायनाला आणि एक बाकीच्यांना. बघा, तुमचीच तक्रार, शब्दाशब्दाने, फक्त उलट्या दिशेने. त्या वेळी शेशेफ्स्कींच्या नावावर एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं आणि स्मिथ 1982 चं जिंकून बसले होते. पुढे शेशेफ्स्कींनी पाच जिंकली आणि ती तक्रार 15-501 हायवेवरून ड्यूकच्या डरहॅमहून चॅपल हिलला राहायला आली. जो संघ जास्त जिंकतो, पंच त्याचे वाटतात.

पंच पक्षपाती नसतातच, असं मात्र मी म्हणणार नाही. 2004-05 च्या हंगामातल्या 365 कॉलेज सामन्यांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संघावर तोवर जास्त फाउल लागलेत, त्याच्या समोरच्या संघावर पुढची शिट्टी वाजण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. पाहुण्या संघाला जास्त फाउल लागतात, हेही दिसलं. म्हणजे पंचांचा कल असतो. तो आकडे सारखे करण्याकडे असतो आणि घरच्या गर्दीच्या आवाजाकडे असतो. कॅमेरनच्या साडेनऊ हजारांहून कमी खुर्च्यांमध्ये पोरं अगदी कोर्टाच्या कडेला उभी राहून ओरडतात, तिथे तुमच्या संघाला हा त्रास होत असणारच. तुमच्या स्मिथ सेंटरमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोक असतात. तिथे तोच त्रास ड्यूकला होतो. वहीत त्या दुसऱ्या शिट्ट्यांची नोंद आहे का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

वहीवरून आठवलं. नोव्हेंबर 1951 मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा एक फार आडदांड सामना झाला. नंतर हेस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. फिल्म एकच होती आणि खोटं कुणी बोलत नव्हतं. तुमची दहा वर्षांची वही खोटी आहे असं मलाही वाटत नाही. ती कुठल्या खुर्चीवर बसून लिहिली आहे, एवढंच मी म्हणते.

तुम्हाला माझ्याकडची एक गोष्ट सांगते. आंतरमहाविद्यालयीन मुलींचा उपान्त्य सामना होता, सिमेंटचं कोर्ट, शेवटचं दीड मिनिट. मी बेसलाइनवर, बास्केटमागच्या रेषेपाशी होते. पाहुण्या संघाची एक उंच, काटक मुलगी उजवीकडून आत घुसली. बचाव करणारी तिच्या वाटेत उभी होती. धडक झाली, दोघी पडल्या. मी चार्ज, म्हणजे घुसणारीचा फाउल दिला. घुसणाऱ्या मुलीचा तो पाचवा फाउल होता. ती बाहेर गेली आणि तिचा संघ दोन गुणांनी हरला. रात्री कुणीतरी काढलेला व्हिडिओ मला दाखवला. बचाव करणारीची टाच धडकेच्या वेळी अजून सरकत होती. ब्लॉक, म्हणजे बचाव करणारीचा फाउल द्यायला हवा होता. मी छातीकडे बघत होते, टाच मला दिसलीच नव्हती. बाहेर जाताना त्या मुलीने मनगटावरचा घामपट्टा काढून पिळला होता आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नव्हतं. सतरा वर्षं झाली, ते मला अजून दिसतं. त्या संघाकडून मला एक तरी पत्र आलं असतं तर मी ते आयुष्यभर जपलं असतं किंवा त्या दिवशी शिट्टी कायमची खाली ठेवली असती. दोन्हीतलं नक्की काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

ब्लॉक की चार्ज, हा या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय आहे. इतका, की अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलने 2023-24 च्या हंगामापासून त्याचा नियमच बदलला. घुसणारा खेळाडू उडी घ्यायला पाय रोवतो त्या क्षणी बचावपटू जागेवर हवा, नंतर सरकून आलेला चालत नाही. यंदाच्या, म्हणजे 2025-26 च्या हंगामापासून पुरुषांच्या सामन्यांत प्रशिक्षकांना आव्हान द्यायची सोयही आली आहे: चेंडू कुणाकडून बाहेर गेला, बास्केटवर चेंडूला बेकायदा हात लागला का, आणि मदतीला आलेला बचावपटू रिंगखालच्या कमानीत उभा होता का. फाउल होता की नव्हता, यावर आव्हान देता येणार नाही. तुमची निम्मी वही त्यामुळे तशीच राहील, पण उरलेल्या निम्मीचा निकाल आता तिथल्या तिथे लागेल. मला ही सुधारणा मनापासून आवडली.

आता त्या इमेलबद्दल. लिहू नका. मसुदा करून ठेवला असेल तर पुसून टाका. कॉलेजचे पंच पगारी नोकर नसतात, सामन्यामागे मानधन घेतात, आणि पुष्कळांचं पोट दुसऱ्याच कामावर चालतं. 26 मार्च 2017 ला मेम्फिसमध्ये तुमच्याच कॅरोलायनाने लूक मे या खेळाडूच्या शेवटच्या क्षणीच्या फटक्यावर केंटकीला 75-73 असं हरवलं. तुम्ही तेव्हा नाचला असाल, नाचायलाच हवं होतं. त्याच रात्रीपासून केंटकीच्या चाहत्यांनी त्या सामन्यातल्या एका पंचाच्या छपरं घालायच्या व्यवसायाचा पिच्छा पुरवला. फोनवर फोन, धंद्याच्या पानावर खोटे वाईट अभिप्राय, धमक्या. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्यातल्या प्रत्येक फोन करणाऱ्याला वाटत होतं, मी एकटाच सभ्य भाषेत माझी बाजू मांडतोय. तुमचं पत्रही सभ्यच असेल याची मला खात्री आहे. पण ते त्याच्या कामाच्या ठिकाणी जाईल आणि उघडणाऱ्याला तशाच शंभर पत्रांतलं एक वाटेल.

संघनिवडीवरचं तुमचं मत मात्र मला पूर्ण पटतं. 2024 मध्ये अरमांडो बेकॉट पाच वर्षं खेळून गेला आणि त्याच्या तोडीचा उंच माणूस तुम्ही आणलाच नाही. बुटक्या गार्डांच्या जिवावर रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू, मिळत नसतात. कॉलेजलाही ते कळलं असावं, कारण 2025-26 साठी ॲरिझोनाहून सात फुटी हेन्री वेसार आलाय आणि केलेब विल्सनसारखा लांब हातांचा पहिल्या वर्षाचा मुलगा आहे. तरी एक सांगते. ठरलेले पाच जण उतरवा आणि बदलू नका, असं दरवर्षी म्हणणाऱ्या चाहत्यांना मी 2022 ची आठवण देते. लव्ह, डेव्हिस, ब्लॅक, मॅनेक, बेकॉट. तेव्हाचे प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिसनी त्या पाचांना पिळून घेतलं. 5 मार्चला शेशेफ्स्कींचा घरचा शेवटचा सामना या पाचांनी 94-81 असा जिंकला, 2 एप्रिलला न्यू ऑर्लिन्सला शेशेफ्स्कींची कारकीर्द 81-77 ने संपवली. मग अंतिम सामन्यात कॅन्ससपुढे मध्यंतराला 15 ची आघाडी होती आणि 72-69 असे हरले. शेवटच्या मिनिटांत बेकॉट घोटा धरून लंगडत होता. पुढच्या वर्षी त्यांतले चार परत आले, हंगामाआधीच्या क्रमवारीत संघ पहिला होता, आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागाच मिळाली नाही. 1985 मध्ये स्पर्धा 64 संघांची झाल्यापासून पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केलेल्या कुठल्याही संघाचं तोवर असं झालं नव्हतं. कागदावरचे पाच आणि कोर्टावरचे पाच यांत फरक पडतो, आणि तो कशाने पडतो हे दिवाणखान्यातून दिसत नाही.

डीन स्मिथकडे दमलेला खेळाडू मूठ वर करायचा. लगेच त्याला बाहेर घ्यायचे, आणि परत कधी जायचं हे त्याचं तो ठरवायचा. किती विश्वास लागतो त्याला! मुलाशी संघावर बोलायचं असेल तर इथून सुरू करा. कोण कधी दमला, कुणी पास दिला, कुणी मदतीला धावलं. तो सोळा वर्षांचा आहे, त्याने तुम्हाला नेमकं वाक्य सांगितलंय. "बाबा, तू मॅच बघतच नाहीस." तुम्ही पंच बघता. त्याला तुमच्याबरोबर मॅच बघायची आहे, म्हणून तो हे बोलला. बघायची नसती तर गप्प उठून गेला असता.

ड्यूकवाले बाहेरचे, पैसेवाले, आपण राज्याचे, हा वाद तुम्ही पत्रात काढला नाहीत, पण तेरा वर्षांत कधीतरी तोंडून निघालाच असेल. एक विद्यापीठ सरकारी, 1789 च्या सनदेचं, आणि दुसरं तंबाखूच्या पैशातून 1924 मध्ये ड्यूक हे नाव मिळालेलं, हे खरंच आहे. पण मधलं अंतर केवढं? सोळा किलोमीटर. सांगली-मिरजेहून जरासं जास्त. सांगलीच्या माणसाला मिरजेकराशी भांडण आणि सोयरीक दोन्ही कशी चालते, हे मी काय सांगणार! फेब्रुवारी 2015 मध्ये डीन स्मिथ गेले. पुढच्याच ड्यूक-कॅरोलायना सामन्याआधी कॅमेरनमध्ये दोन्ही संघ कोर्टाच्या मध्यावर एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गुडघ्यांवर बसले. मग उठून खेळले, जादा वेळेपर्यंत, आणि ड्यूक 92-90 असं जिंकलं. तुमच्या दिवाणखान्यात त्या रात्री मेहुणा होताच. तो तेव्हा काय म्हणाला होता, आठवा.

आता ती ओळ. "आता बसा बोंबलत."

5 एप्रिलला सॅन अँटोनियोमध्ये, ह्यूस्टनविरुद्धच्या राष्ट्रीय उपान्त्य सामन्यात, ड्यूक 14 गुणांनी पुढे होतं. शेवटी एका गुणाची आघाडी उरली, 19.6 सेकंद बाकी होते, आणि रिबाउंडला पाठीवरून गेल्याबद्दल शिट्टी वाजली ती ड्यूकच्या कूपर फ्लॅगवर. ह्यूस्टनच्या रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो घातले. फ्लॅगचा फटका आखूड पडला. 70-67. अठरा वर्षांचा मुलगा, 27 गुण काढले होते, आणि शेवटचं सगळं त्याच्याच हातून गेलं. ती शिट्टी योग्य होती का, यावर ड्यूकवाले अजून भांडतात. तीन आठवड्यांपूर्वी तुमच्यावर जी वेळ आली होती तीच मेहुण्यावर आली होती, त्याहून मोठ्या सामन्यात. साऱ्या नॉर्थ कॅरोलायनात त्या रात्री त्याचं दुःख नेमकं कळू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याच माणसाने सगळ्या घरासमोर ती ओळ टाकली. मार्चमध्ये तो न जेवता गेला होता. माझ्या मते तुमच्यापासून तुटला तो एप्रिलमध्ये. तुम्ही ती ओळ पत्रात जाता जाता लिहिलीत, सेटिंगचा मजकूर मात्र ठळक. मी क्रम उलटा लावते.

त्याला पुरावे पटवायचे नाहीत. वही बाजूला ठेवा आणि फोन करा, मेसेज नको. बायकोला मध्ये घालू नका, "तुझ्या ताईला वाईट वाटतं" हेही नको. तिचं वाईट वाटणं तिचं ती सांगेल. तुम्ही फक्त एप्रिलबद्दल बोला: फ्लॅगवर ती शिट्टी वाजली तेव्हा मला तुझीच आठवण झाली होती, फोन करायला हवा होता, आणि मी ते लिहिलं. यापुढे "पण" येऊ देऊ नका. मार्चचा निर्णय, फ्री थ्रो, पाऊल, काहीही नाही. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा. तेरा वर्षं एका सोफ्यावर बसलेल्या माणसांना फोनवरची शांतता जड जाऊ नये.

फेब्रुवारीतल्या ड्यूक-कॅरोलायना सामन्यापर्यंत थांबू नका. हंगाम आता सुरू होतोय. केरीतल्या एखाद्या शाळेच्या सामन्याला मुलगा, मेहुणा आणि तुम्ही, तिघं जा. टार हील नाहीत, ड्यूकचे ब्लू डेव्हिल्स नाहीत. बेसलाइनच्या मागे बसा आणि एक क्वार्टरभर फक्त पंचाकडे बघा, तो कुठे उभा राहतो, कुणाच्या पाठीमुळे त्याला काय दिसत नाही. मग तीन क्वार्टर पोरांकडे बघा.

आणि भाऊबीज उलटून गेली म्हणून बायकोने ताट आत ठेवलं असेल, तर ते आत नको. फोन झाला की तिला सांगा, तो कधीही आला तरी ओवाळायचं आहे. "दाजी" म्हणून त्याने दारात हाक मारली की वही त्याच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी असू द्या.

— ताई